पाडवा ते मृग : मनाच्या शाकारणीचे दिवस

चैत्र लागला की दुपारी बाराच्या सुमाराला आई माजघराची दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि आम्हा भावंडांना सांगायची, "कवडसे शोधा रे." अंधारात जमिनीवर रुपयाएवढे, बोराएवढे उजेडाचे ठिपके पडलेले असायचे. वानरांनी उड्या मारून फोडलेलं कौल, झावळ पडून सरकलेलं कौल, रिपेवरून घसरलेलं कौल, अशा प्रत्येकाचा एक ठिपका. आषाढात नेमकं तिथूनच पाणी येणार. पण ठिपका जिथे पडतो त्याच्या बरोबर डोक्यावर भोक नसतं. आई ठिपक्याशी उदबत्ती धरायची. धुरात उजेडाचा तिरपा दांडा उमटायचा. त्याच्यावरून नजर वर नेत ती भोक गाठायची आणि शिडीवर चढून तिथल्या वाशाला सुतळीचा तुकडा बांधून ठेवायची. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवायला, गडी आला की त्याला फक्त सुतळ्या दाखवायच्या.

तीन वर्षांपूर्वी आई आषाढात गेली. भाद्रपदात गणपती आले, मोदक झाले, आरत्या झाल्या, मुंबईची माणसं आली-गेली, आणि ती माणसं परतल्यावर मी अंथरुणातून उठेनाशी झाले. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून मला सलाइन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. मानसोपचारतज्ज्ञांसमोर जाऊन बसायला दिवाळी उलटली. औषध सुरू झालं, हळूहळू बरं वाटू लागलं. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा मी पायांवर उभी होते, पण पुढचा आषाढ आपण कसा काढणार या भीतीने पोटात गोळा यायचा. तेव्हा आईचे कवडसे आठवले. तेव्हापासून पाडवा ते मृग हे माझे मनाच्या शाकारणीचे दिवस.

मी डॉक्टर नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. इथे लिहिलं आहे ते तज्ज्ञांकडून शिकलेलं, वाचून पडताळलेलं आणि स्वतः करून पाहिलेलं. ज्यांचं औषध चालू आहे त्यांनी हे औषधाच्या जोडीने करायचं, औषधाच्या जागी नाही.

पाडवाच का?

संकल्प हल्ली १ जानेवारीला होतात. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर जानेवारी म्हणजे मोहराची काळजी, गावोगावच्या जत्रा, रात्र-रात्र दशावतार. ज्यांची खानावळ किंवा होमस्टे आहे त्यांना तर पर्यटकांपुढे मान वर करायला फुरसत नसते. अशा धावपळीत धरलेला संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकत नाही, हे मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं पाहिलं.

पाडव्याच्या पुढे मात्र मृग उभा असतो. ७-८ जूनला मृग लागतो. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे हातात साधारण दोन ते पावणेतीन महिने असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यांना आढळलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही दिसलं. म्हणून पाडव्याला सुरू केलेली गोष्ट पावसाच्या तोंडावर अंगवळणी पडण्याच्या बेतात असते, आणि कोकणात मनाला खरी गरज पावसातच लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दिवसभर अंधारलेलं घर, गेलेली वीज, बंद पडलेली मासेमारी, मुंबईला परतलेली मुलं. त्या दिवसांसाठी आपण लाकडं भरतो, आंबोशी घालतो, सोलं सुकवतो. मनाची बेगमी मात्र करायची राहते.

पहिली पायरी : आठवडाभर कवडसे बघायचे

पाडव्याला एक वही घ्या. शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर तारीख घालून पाच गोष्टींना गुण द्या. जागतिक आरोग्य संघटनेची ही छोटी प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का? चित्त शांत, निवांत होतं का? अंगात उत्साह होता का? सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का? दिवसभरात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येकाला ० ते ५. सतत असेल तर ५, अजिबात नसेल तर ०, अर्ध्याहून जास्त वेळ असेल तर ३. बेरीज २५ पैकी होते. १३ च्या खाली आली तर त्याचा अर्थ आजार आहे असा होत नाही, पण डॉक्टरांशी बोलायला हवं असा नक्की होतो. माझी पहिल्या पाडव्याची बेरीज ११ होती आणि ती मी उपचारांच्या पुढच्या भेटीत दाखवली.

पुढचे सात दिवस वहीत तीनच गोष्टी लिहायच्या : किती वाजले, काय करत होते, मन कसं होतं (० ते १०). दिवसातून चार-पाच नोंदी पुरतात. सुविचार नकोत, कारणं शोधणं नको, स्वतःला बोल लावणं तर नकोच.

आठव्या दिवशी वही घेऊन बसा आणि उदबत्ती धरा. माझ्या वहीत दुपारी तीन ते पाच रोज आकडा २-३ वर यायचा. मला वाटायचं, एकटेपणामुळे होतंय, कारण त्याच वेळी घर सुनं असतं. नोंदी वर वर चढत पाहिल्या तेव्हा दिसलं की मी पहाटे तीनला जागी होत होते, सकाळची पेज खाल्ल्यावर दुपारी धड जेवत नव्हते आणि दीड ते तीन अंथरुणात पडून मोबाइलवर बोट फिरवत होते. ठिपका एकटेपणाच्या जागी पडला होता, भोक झोपेत होतं. एका मैत्रिणीच्या वहीत उलटं निघालं. तिची तक्रार झोपेची, आणि नोंदी सांगत होत्या की ज्या रात्री दिराशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणं होई, त्याच रात्री ती जागी असे. म्हणून ही पायरी गाळू नका. सात दिवस न बघता थेट उपाय सुरू केला, तर चांगलं कौल काढून पुन्हा तिथेच बसवल्यासारखं होतं.

दुसरी पायरी : रक्त तपासून घ्या

ही पायरी छोटी आहे. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ खाली असेल, तर माणूस थकलेलं, उदास, विसराळू दिसतं. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांत तर सगळं एकमेकांत मिसळून जातं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ एवढं डॉक्टरांना विचारून करून घ्या. इथेच थांबायचं मात्र नाही. रिपोर्ट चांगले आले म्हणजे "तुला काही झालेलं नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. माझे रिपोर्ट उत्तम होते.

तिसरी पायरी : एकच कौल

सगळं घर एका दिवसात उघडं टाकलं आणि वळीव आला, तर काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. चालणं, योगासनं, साखर बंद, मोबाइल बंद, पहाटे पाचला उठणं हे सगळं पाडव्याला एकदम धरलेली माणसं रामनवमीला थकलेली असतात. वहीत सर्वांत मोठा कवडसा जिथला, तिथलं एकच कौल घ्या. तीन आठवड्यांनी दुसरं. मृगापर्यंत तीन झाली तर पुष्कळ.

कसं धरायचं तेही ठरलेलं असावं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या एका लेखात दाखवलं की "मी हे करेन" असं नुसतं म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की लगेच तमुक करेन" असं ठरवलं तर काम कितीतरी जास्त वेळा पार पडतं. "रोज चालायला जाईन" हे वाक्य हवेत राहतं. "माडांना पाणी सोडलं की चप्पल न काढता तशीच व्हाळापर्यंत जाऊन येईन" या वाक्याला खुंटी आहे. आपल्या दिवसात अशा खुंट्या भरपूर असतात : न्हाणी पेटवणं, पेज, तुळशीला पाणी, सांजेचा दिवा, संध्याकाळच्या एसटीचा आवाज. त्यांतली एक निवडा आणि वहीत पूर्ण वाक्य लिहा.

चौथी पायरी : झोप आणि उजेड

झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही. उठायची वेळ मात्र ठरवता येते, आणि झोपेची घडी तिच्यावरच बसते. रात्र कशीही गेली तरी सकाळी एकाच वेळी उठायचं, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर यायचं. आपल्या कौलारू घरांचं माजघर भर दिवसाही काळोखं असतं. बाहेरचा उजेड, ढगाळ दिवशीसुद्धा, घरातल्या दिव्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो, आणि शरीरातलं घड्याळ त्या उजेडावरच लागतं. मी चहाचा कप घेऊन वीस मिनिटं खळ्यात बसते. पावसाळ्यात पडवीच्या कडेला, पागोळ्या बघत.

दुपारी चारनंतर चहा नको, कॉफी तर नकोच, कारण तिचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो. दुपारची डुलकी अर्ध्या तासापुरती. रात्री वीस-एक मिनिटं पडूनही डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी संथ काम करायचं, झोप दाटून आली की परत. मी लसूण सोलत बसायचे. पहिले आठ-दहा दिवस हे फार जड जातं, दिवसा डोळे चुरचुरतात. तेवढे सोसले की अंथरुण पुन्हा झोपेचं होतं.

मोबाइल माजघरातल्या फडताळात चार्जिंगला लावायचा, उशाशी नाही. मुंबईतून रात्री काही तातडीचं कळवायचं झालं तर घंटा तिथूनही ऐकू येते.

पाचवी पायरी : मन नसताना हात हलवायचे

माझ्या मते सगळ्यांत जास्त गुण याच पायरीला आहे, म्हणून इथे जरा थांबते.

उदास माणसाला घरचे सांगतात, "मन प्रसन्न कर, म्हणजे कामं सुचतील." उपचारांत याच्या उलट शिकवतात. आधी काम, मन मागून येतं. उदासीत माणूस एक-एक गोष्ट सोडत जातं. भजनाला जाणं सोडलं, बाजार सोडला, शेजारी जाणं सोडलं. सोडल्याने आनंदाचे, हाताला यश येण्याचे, कुणी बोलण्याचे प्रसंग कमी होतात. ते कमी झाले की उदासी वाढते, आणि आणखी सोडलं जातं. हे चक्र कामाच्या बाजूने तोडणं सोपं, कारण मनाला हुकूम देता येत नाही, हाताला देता येतो.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगात' संस्थेच्या लोकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर या पद्धतीचा अभ्यास केला. बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर, तर रोजच्या जगण्यातली कामं पुन्हा धरण्यावर. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा माझ्या तज्ज्ञांनी मला कामाला का लावलं होतं ते उमगलं.

करायचं असं. वहीच्या एका पानावर तीन याद्या करा. एकीत ज्यात जीव रमतो ती कामं, दुसरीत जी झाली की "झालं बाई एकदाचं" वाटतं ती, तिसरीत ज्यात दुसरं माणूस असतं ती. माझ्या याद्यांत ओहोटीला किनाऱ्याने चालणं, अबोलीचा वळेसर करणं, काजूचे बोंडू गोळा करणं, कपाटाचा एक कप्पा आवरणं, शेजारच्या नातवंडांना पाढे शिकवणं, देवळात सोमवारच्या भजनाला बसणं असं होतं. तुमच्यात क्रिकेट असेल, होडी रंगवणं असेल, गाडी धुणं असेल. रोज प्रत्येक यादीतलं एक काम, वेळ ठरवून. करण्याआधी मनाला ० ते १० आकडा द्या, केल्यावर पुन्हा द्या.

काम लहान करा. आणखी लहान. खळं सारवायचं असेल तर तुळशीभोवतीचं हातभर. त्या वैशाखात एका दुपारी मी पडवीत रातांबे घेऊन बसले होते. पाटीभर होते, मी ठरवले होते दहा. सुरीने आडवी चीर द्यायची, दोन्ही अंगठ्यांनी फळ उघडायचं, बिया आणि पांढरा गर एका भांड्यात, साल दुसऱ्या. तळव्यांवरून लाल रस मनगटापर्यंत ओघळत होता, माशा घोंगावत होत्या. बसण्याआधी वहीत २ लिहिला होता. दहा झाले, मग आणखी दहा झाले, मग मोजायचं राहून गेलं. संध्याकाळी हात धुताना लक्षात आलं की दोन तास मी आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल विचार केला नव्हता. वहीत ५ लिहिला. लाल बोटाचा ठसा त्या पानावर अजून आहे.

आकडा रोज वाढेल असं नाही. केल्यावरही २ चा २ राहिला तरी काम झालं म्हणून खूण करायची. दोन आठवड्यांनी पान उलटून बघितल्यावर कोणतं काम आपल्याला मानवतं ते आपोआप दिसतं.

जोडीला चालणं असेलच. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. आपल्या चढ-उताराच्या पाणंदीत हे सहज होतं.

सहावी पायरी : गाऱ्हाणं

देवळात गाऱ्हाणं घालताना आपलं दुःख आपण बोलत नाही. गावकार किंवा पुजारी आपल्यासाठी ते मोठ्याने सांगतो, आणि भोवती उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं हे. पण आई गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं की त्या "व्हय म्हाराजा"मध्ये केवढा आधार आहे. कुणी सल्ला देत नाही, कुणी "आमच्याकडे तर याहून वाईट" म्हणत नाही. तुझं दुःख ऐकलं, आम्ही सगळे उभे आहोत, एवढंच.

आपल्या एकाच माणसाला असं उभं राहायला सांगा. कोण, ते नीट निवडा. जे लगेच उपाय सांगतं ते नको, जे दुसऱ्या दिवशी वाडीभर सांगतं ते तर नकोच. आणि सांगताना स्पष्ट सांगा : "मला उपाय नको, अर्धा तास ऐकून घे." माझ्यासाठी त्या शेजारच्या काकी होत्या. मी काही सांगण्याआधी त्याच एका सकाळी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "चार दीस बघतंय, तुझ्या न्हाणीतसून धूर उशिरान येता. बरा वाटणा नाय काय गो?" माझी मुलगी रोज व्हिडिओ कॉल करत होती, तिला धूर दिसत नव्हता. यात मुलीचा दोष नाही. पण लांबच्या माणसांवर सगळा भार टाकू नये, गडग्यापलीकडचं एक माणूस हवंच.

पुरुषमंडळींना हे कठीण जातं. समोरासमोर बसून बोलवत नसेल तर हातात काम घेऊन बोला. जाळं शिवताना, कलमांना आळी करताना, दोघांची नजर कामावर असते आणि तोंडातून शब्द सुटतात.

देवाला कौल लावायचा असेल तर अवश्य लावा. माझीही श्रद्धा आहे. फक्त कौल काहीही आला तरी गोळी बंद करायची नाही आणि डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही.

सातवी पायरी : काळजीला वेळ द्या

कर्ज, आंब्याचा दर, मुलाची नोकरी, कोर्टाची तारीख या काळज्या खऱ्या असतात. "काळजी करू नकोस" याने त्या जात नाहीत. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांची एक वेळ आणि एक जागा ठरवा, अंथरुणापासून दूर. दिवसभरात काळजी आली की वहीत एका शब्दात टिपायची आणि मनाला सांगायचं, साडेपाचला. साडेपाचला त्या शब्दांपुढे लिहायचं : यात मला उद्या काही करता येईल का? येत असेल तर पहिलं पाऊल आणि वेळ. येत नसेल तर तसं लिहायचं आणि वेळ संपली की उठायचं.

दारूबद्दल

झोप यावी, डोकं शांत व्हावं म्हणून आपल्याकडे किती घरांत संध्याकाळी बाटली उघडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. नैराश्याच्या औषधांवर तर ती घेऊच नये. मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची : जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने शपथ घेऊन एका दिवसात सोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देऊन सोडवावी लागते. पाडव्याला नवऱ्याला देवासमोर उभं करणाऱ्या वहिनींना माझी हात जोडून विनंती आहे, आधी दवाखान्यात न्या.

केव्हा थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं

उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यांतलं एक जरी दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, आणि त्याने झोप, भूक, काम बिघडलं, तर पायऱ्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर. नको नको ते आवाज ऐकू येणं, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असं पक्कं वाटणं, दोन-दोन दिवस न झोपता अफाट उत्साह चढणं, बाळंतपणानंतर बाळाकडे बघवत नाही असं होणं, यांत दोन आठवडेही वाट पाहायची नाही.

जायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं तर ते जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवतात. निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे खेप फुकट जात नाही. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, म्हणजे त्यांतलं एक आपल्याच किनाऱ्यावर. रत्नागिरीचं नाव आपल्याकडे थट्टेत घेतात. ती थट्टा बंद करा. तिच्या भीतीने माणसं वर्ष-वर्ष घरात कोंडून राहतात. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मी एकदा रात्री दोनला लावला आहे.

औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड होणं असं काही झालं तर डॉक्टरांना फोन करा, स्वतः बंद करू नका. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त काळ औषध चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार उलटण्याची भीती असते.

मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटं राहू नका. घरातलं कुणी "आता नको वाटतं जगणं" असं म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. आणि बागायतीच्या घरांसाठी खास : आंबा-काजूच्या फवारणीची औषधं पडवीत, न्हाणीत पडून असतात. ती कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो वाईट क्षण बहुतेकदा थोड्या वेळाने ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसावं.

शेवटची पायरी : आषाढाची बेगमी

मे महिन्याच्या शेवटी वहीचं शेवटचं पान काढा. त्यावर आपल्या घसरणीच्या पहिल्या खुणा लिहा, प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. माझ्या अशा : केस विंचरायचे राहतात, फोन वाजला तरी उचलवत नाही, आमटी सलग दोन दिवस खारट होते. त्याखाली तीन माणसांची नावं आणि फोन. त्याखाली १४४१६. मग वीज नसताना, घराबाहेर पडता येत नसताना करायची पाच कामं : वळेसरासाठी दोरा आणि फुलं, जुनी गोधडी, तांदूळ निवडणं, शेजारच्या मुलांचे पाढे, रेडिओ. औषध चालू असेल तर घाट बंद पडतात, औषधांच्या दुकानात माल येत नाही, हे धरून डॉक्टरांना विचारून महिन्याभराचा साठा आणि चिठ्ठीची झेरॉक्स घरात ठेवा. ते पान दाखवा काकींना, किंवा तुमच्याकडे जे कोण गडग्यापलीकडचं असेल त्यांना. त्यांना खुणा माहीत हव्यात.

मृगाच्या दिवशी पहिल्या पानावरच्या पाच गोष्टींना पुन्हा गुण द्या. दहा टक्क्यांच्या, म्हणजे साधारण अडीच गुणांच्या फरकाला अर्थ आहे. आकडा जागचा हलला नसेल किंवा खाली आला असेल तर पावसाआधी डॉक्टरांना भेटा. हलला असेल तर धरलेलं कौल सोडू नका, पावसात वेळा थोड्या सैल झाल्या तरी चालतील.

माझा गेल्या मृगाचा आकडा १७ होता. त्याच रात्री पाऊस आला. देवघराजवळ एका ठिकाणी टप टप ऐकू आलं, उठून खाली पातेलं ठेवलं आणि वहीत लिहिलं : देवघर, वाशाजवळ, एक.